सोयाबीन गेलं तेव्हा रडले नाहीत, धर्मेंद्रसाठी रडले

ताई, नमस्कार.

मी कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. मांजरेच्या काठाला आमची सहा एकर जमीन आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत काढणीला आलेलं सोयाबीन सगळं पाण्यात गेलं, वर दीड एकरातली माती खरवडून गेली. पाणी ओसरल्यावर अण्णा (माझे वडील, वय ६८) बांधावर जाऊन आले, चिखलाच्या चपला दाराबाहेर काढल्या आणि म्हणाले, "चहा टाका." डोळ्यांत टिपूस नाही. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हाही नाही.

आणि २४ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र गेला, तर हाच माणूस लेकरासारखा हमसून हमसून रडला. दोन दिवस धड जेवले नाहीत. त्याआधी ११ तारखेला टीव्हीवाल्यांनी खोटीच बातमी दिली होती, तेव्हा त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं होतं. खोटी निघाल्यावर "आता आयुष्य वाढलं बघ त्याचं" म्हणत स्टँडवर पेढे वाटून आले. खरंच गेल्यावर मात्र एकच घोकतात, "लोकांला तोंड तरी बघू द्यायचं होतं."

१९७२ च्या दुष्काळात अण्णा आणि थोरले काका खडी फोडायला होते. पुढं त्या पैशातून काकांनी त्यांना येरमाळ्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा दाखवला, धर्मेंद्रचा 'मेरा गाव मेरा देश'. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीय. काका २०११ ला वारले.

आता बैठकीत आजी-आजोबांच्या फोटोशेजारी धर्मेंद्रचा फोटो लागलाय, हार घालून. आई म्हणते, "माझा भाऊ गेला तवा तिसऱ्या दिशी पाळी घालायला (कुळवायला) रानात गेले, आन ह्या नटासाठी जेवण सोडलं." ८ डिसेंबरला त्याचा नव्वदावा वाढदिवस, त्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं पडदा लावून गावाला 'शोले' दाखवायचा म्हणतात. खर्च आठ-नऊ हजार. खताच्या दुकानाची उधारी अजून अंगावर आहे. गावातल्या पोरांनी त्यांचा रडतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय. मला लाजही वाटते आणि भीतीही. डॉक्टरला दाखवावं, का वय झालं म्हणून सोडून द्यावं?

— अण्णांचा मुलगा

भाऊ,

आधी भीतीचं बोलू. लाजेचं मागाहून.

अण्णा रडले याला तुम्ही घाबरलात. मला विचाराल तर घाबरायचं होतं ते सप्टेंबरात, "चहा टाका" म्हणाले तेव्हा. वर्षाचं पीक डोळ्यांदेखत गेलं, माती गेली, आणि माणूस चपला नीट ओळीत काढून चहा मागतो. आपल्याकडं याला 'खंबीर' म्हणतात. मी अंबाजोगाईची, या भागात जन्म गेला, असे खंबीर लोक पुष्कळ पाहिले. त्यातल्या काहींच्या घरी नंतर काय झालं तेही पाहिलं. म्हणून जे आता लिहिते ते दोनदा वाचा.

जेवण दोन दिवस सुटलं आणि पुन्हा सुरू झालं, तर काळजी नाही. पण दोन आठवडे उलटून गेले तरी जेवण नाही, रात्र रात्र झोप नाही, कशात मन नाही, कागदपत्रं काढून "हे तुझ्या नावावर करून टाकू" असली निरवानिरव, "आता माझं काय राहिलंय" असलं बोलणं, यातलं काही दिसलं तर धर्मेंद्र बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, "अण्णा, जीव नकोसा वाटतो का?" विचारायला जीभ रेटत नाही, ठाऊक आहे. पण विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. असलेला मात्र बाहेर येतो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. त्यावर तुम्ही स्वतःही बोलू शकता, अण्णांनीच करायला पाहिजे असं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवण्यात कमीपणा नाही. आणि एक काम आजच करा: फवारणीच्या औषधाच्या बाटल्या घरात, गोठ्यात जिथं असतील तिथनं उचला आणि कुलुपात घाला. कशाला म्हणून कुणी विचारलं तर लेकरांचा हात पोचतो म्हणा.

हे झालं. तुमच्या पत्रावरून मला असं काही घडेल असं वाटत नाही. उलट जो माणूस ११ तारखेला पेढे वाटतो आणि महिनाअखेरीला गावासाठी पडदा लावायचं ठरवतो, त्याला अजून उद्या परवा काय करायचं ते सुचतंय.

आता ते रडले कशासाठी.

आपल्या गावात बाप्यानं कधी रडावं याचे नेम ठरलेले आहेत. लेकीच्या पाठवणीला रडला तर लोक बरं म्हणतात. आई गेली तर चालतं, पण पाव्हणे यायच्या आत डोळे पुसून लाकडांची व्यवस्था बघायची. पिकासाठी रडायची तर सोयच नाही, कारण घरातली सगळी तोंडं त्याच्याकडं लागलेली असतात. अण्णा त्या दिवशी रडले असते तर तुमची आई खाली बसली असती, तुम्ही काय केलं असतंत कोण जाणे. ते त्यांना कळत होतं. धर्मेंद्रसाठी रडताना हे ओझं नव्हतं. तो गेला म्हणून तुमच्या घरातलं कुणी उपाशी राहणार नव्हतं, कुणाला धीर द्यायचा नव्हता. तिथं बांध फुटला, आणि एकदा फुटल्यावर पाणी काय विचारून वाहतं का, हे सोयाबीनचं, हे नटाचं?

पण "ते खरं म्हणजे सोयाबीनसाठीच रडले" असंही मी म्हणणार नाही. असा शहाणपणा सांगायला सोपा असतो, पण त्यात धर्मेंद्रवर अन्याय होतो आणि अण्णांवरही. ते धर्मेंद्रसाठीच रडले. तो त्यांना काय होता, हे तुम्ही पत्रात लिहिलंय आणि तुमच्याच लक्षात आलेलं नाही.

तंबूतला सिनेमा तुम्ही पाहिला नसेल. आमच्याकडं मार्गशीर्षात योगेश्वरीची यात्रा असायची, तुमच्याकडं चैत्री पुनवेला येडेश्वरीची. दुपारी जीप फिरायची, वर भोंगा, मागनं कागद उधळत जायची आणि आम्ही ते वेचायला धुरळ्यात पळायचो. तंबू ठिगळाठिगळांचा. खाली जमीन, बसायला घरनं आणलेलं पोतं. मध्ये दोरी, अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये. गर्दी झाली की पडद्याच्या मागल्या अंगालाही माणसं बसायची, त्यांना हिरो डावखुरा दिसायचा. रीळ बदलताना दिवा लागायचा आणि तेवढ्यात कोण कुणाशेजारी बसलंय ते सगळ्या गावाला कळायचं. सिनेमे पण ताजे नसायचे. मुंबईत लागून वर्ष-दोन वर्षं झालेले, रीळ इतकं घासलेलं की भर उन्हाच्या सीनमध्येही पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटायचं. दुष्काळात तेवढाच पाऊस, असं आमचे आजोबा म्हणायचे.

आता त्यात अण्णांना बसवून बघा. पंधरा-सोळा वर्षांचं पोर. दिवसभर खडी फोडून तळहाताला घट्टे. पोटात दुष्काळी कामावरची सुकडी नाहीतर मिलोची, म्हणजे बाहेरनं आलेल्या लाल ज्वारीची भाकर. थोरला भाऊ खिशातनं पैसे काढतो, ज्या पैशांत काहीतरी खायला आलं असतं, आणि म्हणतो चल. पडद्यावर एक धिप्पाड गडी येतो, भुरटा चोर असतो, पण खेड्यात येऊन डाकूंशी लढतो. शेजारी भाऊ बसलेला. या वयात जो नट काळजात बसतो तो एकटा बसत नाही, ज्यानं दाखवला त्याला घेऊन बसतो.

आणि तो होता पण तसाच, आपल्यातला वाटेल असा. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातला, शाळामास्तरचा मुलगा, खेड्यात वाढलेला. १९६० ला पहिला सिनेमा. पुढं एवढा मोठा झाला तरी बोलण्यातलं गाव गेलं नाही. म्हातारपणी लोणावळ्याच्या शेतावर राहून भाजीपाल्याचे, गाईंचे व्हिडिओ टाकायचा, ते अण्णा बघत होते का विचारा. मला वाटतं बघत असणार. शेती करणाऱ्याला त्यात काय दिसत असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. (माझं स्वतःचं मत विचाराल तर मला 'शोले'तल्यापेक्षा 'सत्यकाम'मधला धर्मेंद्र जास्त आवडतो. आणि हसवायला 'चुपके चुपके'मधला. पण अण्णांपुढं हे बोलू नका, ते ऐकून घेणार नाहीत.)

आता 'शोले'च का, देवळापुढं तोच का दाखवायचाय? लोकांना आवडतो म्हणून, हे एक. पण त्यात मरतो कोण ते आठवा. जय मरतो, वीरूच्या मांडीवर. वीरू मागं राहतो. २०११ ला काका गेले तेव्हा अण्णा काय करत होते? मी पैज लावते, मांडवाचं बघत होते, पाव्हण्यांच्या चहाचं बघत होते, तिसऱ्याला राख सावडायला कोण येतंय ते बघत होते. त्यांना रडताना पाहिल्याचं तुम्हाला आठवतंय का? गेली चौदा वर्षं मागं राहिलेला होता तो वीरू आणि मागं राहिलेले होते ते अण्णा. आता तोही गेला. मी अण्णांना पाहिलेलं नाही, माझं चुकतही असेल. पण एकदा संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि "काका तुम्हाला तंबूत घेऊन गेले तेव्हा तिकीट केवढ्याला होतं हो?" एवढंच विचारा. शंभरदा ऐकलेली गोष्ट आहे म्हणता, पण तुम्ही कधी मधे प्रश्न विचारला नसेल. धर्मेंद्रचं नाव तुम्ही काढू नका. ते काढतील.

आमच्या घरात असाच एक प्रकार झाला होता. माझी आत्या निळू फुल्यांना जन्मभर शिव्या घालत आली. पडद्यावर तो माणूस आला की हिचं तोंड सुरू. खरे निळू फुले किती साधे, सेवा दलात घडलेले, चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी झटलेले, हे तिला सांगून उपयोग नव्हता. १३ जुलै २००९ ला ते गेले. आत्यानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. आम्ही चेष्टा केली तर म्हणाली, "गप बसा. तुमच्या मामाच्या मागं माझ्या घरात मोठ्यानं बोलावं असं तेवढंच माणूस होतं." आमचे मामा, म्हणजे तिचे मालक, त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. आम्ही चेष्टा केली ती केली, ती आजही खुपते.

त्यामुळं लाजेचं. तो व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांशी भांडायला जाऊ नका, ते अजून चार ग्रुपवर टाकतील. ज्यानं टाकला त्याच्या आईला जाऊन भेटा. चहा घ्या, फोन दाखवा, काही न बोलता उठून या. दिवस मावळायच्या आत व्हिडिओ गेलेला असेल. आणि तुमची स्वतःची लाज कशाची आहे ते एकदा तपासा. अण्णा रडले याची, का अण्णांचं रडणं तुमच्याआधी गावानं पाहिलं याची?

"तोंड बघू द्यायचं होतं" ही त्यांची तक्रार मला कळते. आपल्याकडं लेकी आल्याशिवाय उचलत नाहीत, लांबची लेक असली तर मयत रात्रभर ठेवतात. ज्याला तोंड बघायला मिळालं नाही तो जन्मभर बोलून दाखवतो. धर्मेंद्रच्या घरच्यांनी त्याच दुपारी विलेपार्ल्याला अंत्यविधी उरकला, लोकांना दर्शन झालं नाही. त्यावर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पंधरा दिवस आधी जिवंत माणसाला अख्ख्या देशानं मेलेला ठरवलं होतं, त्या घरावर काय गेलं असेल. त्यांचा माणूस, त्यांचा निर्णय. पण अण्णांना हे पटवायला जाऊ नका. त्यांना डोळ्यांनी बघायचं राहिलंय, ते बघायला मिळेल असं काहीतरी करा.

म्हणून पडद्याचं. हे छापून तुमच्या हातात येईपर्यंत ८ तारीख उंबऱ्यावर असेल. देवळापुढचा कार्यक्रम करू नका. एक तर आठ-नऊ हजार या वर्षी नाहीत, आणि ते अण्णांनाही माहीत आहे. दुसरं, घरात बसून सिनेमा बघणं वेगळं आणि गावजेवण घातल्यासारखा सगळ्यांना दाखवणं वेगळं, त्याला ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांची परवानगी लागते. तिसरं, तीच पोरं तिथं पुन्हा फोन काढून उभी राहतील. पण नुसतं नाही म्हणू नका, त्याऐवजी हे सांगा: १२ डिसेंबर २०२५ ला 'शोले' नव्यानं दुरुस्त करून थिएटरांत लागतोय, आणि या वेळी मूळ शेवटासह. १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला. पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात, तो आपण पाहिलेला शेवट. रमेश सिप्पींनी आधी जो शूट केला होता त्यात ठाकूर गब्बरला मारतो. म्हणजे अण्णांनी पन्नास वर्षं पाहिला तो 'शोले' पुरा नव्हताच. हे त्यांना असंच सांगा, "अण्णा, तुम्ही पाहिलेला अर्धवट होता." बघा कसे ताडकन उठून बसतात. लातूरला लागतोय का बार्शीला ते फोनवर बघून ठेवा.

आता आई. तिचं बोलणं तुम्ही कुरकुर म्हणून लिहिलंय, पण तुमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त दुखावलेलं माणूस ती आहे. तिचा भाऊ गेला तेव्हा नवरा तिसऱ्या दिवशी पाळी घालायला गेला. त्या पाळीला कारण असेल, वाफसा कुणासाठी थांबत नाही, पण तिला ते तेव्हा कुणी बोलून दाखवलं नाही. आता तिच्या डोळ्यांदेखत कळलं की या माणसाला रडता येतं. मग माझ्या भावासाठी का नाही आलं, हा तिचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, अण्णांनी द्यायचं. तुम्ही फार तर अण्णांच्या कानावर घाला की आई मामांबद्दल असं म्हणाली. पुढं त्यांचं ते बघतील. चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसांच्या मधे आपण जास्त शिरू नये.

फोटोचं मात्र आईचं खरं. सासू-सासऱ्यांच्या ओळीत तिनं रोज हात जोडायचे आणि तिथं हा, हे तिला नको असेल तर नको. पण काढून माळ्यावर टाकू नका. अण्णांची बसायची जागा कुठली? टीव्हीजवळ असेल तर तिथं, गोठ्यात बाज टाकून बसत असतील तर तिथं. हार काढा. हार घातला की माणूस गेलेला दिसतो, आणि अण्णांकडं त्याचा हसतानाचा फोटो असणारच. शेजारी काकांचा लावा. दोघांचे फोटो एका मापाचे करून घ्या, कळंबला फोटोवाल्याकडं अर्ध्या तासात होतं.

येळवस (वेळ अमावस्या, रानातल्या पूजेचा आणि जेवणाचा सण) महिनाअखेरीच्या आतच आहे. रानात या वर्षी काय पुजायचं असं अण्णा म्हणतील, खरवडलेल्या जमिनीत कोप (पूजेची कडब्याची खोप) घालायचा कसा म्हणतील. घाला. चांगल्या तुकड्यात घाला, लहान घाला. भज्जी, आंबील, उंडे झेपतील तेवढे करा. चुलत भाऊ-बहिणींना, म्हणजे काकांच्या लेकरांना, आवर्जून बोलवा. जेवणं झाल्यावर अण्णांना तंबूची गोष्ट सांगायला लावा आणि या वेळी फोन तुम्ही काढा, त्यांचं बोलणं भरून घ्या. काकांच्या लेकरांकडं त्यांच्या बापाच्या तरुणपणाचा दुसरा काही पुरावा नसेल.

'शोले'ची तिकिटं तीन काढा, दोन नको. आईला कधी सिनेमाला नेलं होतं का, ते मला पत्रावरून कळलं नाही, पण नेलं असेल तर दोरीच्या अलीकडं बसवलं असेल. तिला कडेची खुर्ची पाहिजे का मधली, ते तिलाच विचारा. सिनेमा साडेतीन तासांच्या आसपास आहे, परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते आधी बघून ठेवा.